‘इतक्या वेळा रक्त तपासले, मग तेव्हाच कसे कळले नाही?’

पन्नाशी ओलांडलेले ते गृहस्थ पहिल्या भेटीला आले, तेव्हा त्यांच्याजवळ जुन्या रिपोर्टांची जाड फाइल होती. न्यूमोनियामुळे रुग्णालयात दाखल व्हावे लागले असताना त्यांची एचआयव्ही तपासणी झाली आणि निदानाच्या वेळी सीडी४ पेशींची, म्हणजे एचआयव्ही ज्यांना नष्ट करतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशींची, संख्या फक्त ९० निघाली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) उशिरा निदान झालेल्या अनेकांकडून मी जे ऐकत आलो आहे, तेच त्यांनी विचारले, “तीन वर्षांत इतक्या वेळा रक्त तपासले, मग तेव्हाच कसे कळले नाही? आणि आता सगळे संपले का?”

आम्ही ती फाइल पानापानाने पाहिली. हिमोग्राम, साखर, यकृत, थायरॉइड असे सगळे रिपोर्ट होते, पण एचआयव्हीचा एकही नव्हता. रक्त दिले म्हणजे सगळेच तपासले गेले, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात ही तपासणी व्यक्तीची संमती घेऊन स्वतंत्रपणे करावी लागते आणि नेहमीच्या रक्ततपासणीत ती गृहीत नसते. फाइलमध्ये नागीण होती, पुढच्या वर्षी तोंडात आलेली पांढरी बुरशी होती, नंतर कारण न सापडलेली वजनातली घट आणि कमी झालेल्या प्लेटलेट्स होत्या. यांपैकी प्रत्येक तक्रार एचआयव्हीशिवायही होऊ शकते, परंतु प्रत्येक वेळी ही तपासणी सुचवणे योग्य ठरले असते. प्रत्येक तक्रारीवर वेगळे औषध दिले गेले आणि ती पाने एकत्र कुणीच वाचली नाहीत. विवाहित, वयस्क माणसाला हे कसे विचारावे, हा संकोच आड आला असावा. त्यांनीही विचारले नाही, कारण तपासणी मागणे म्हणजे जुन्या संबंधांची कबुली देणे, असे त्यांना वाटत होते. माझ्या मते, आधी कबुली आणि मग तपासणी हा क्रमच चुकीचा आहे. लक्षण दिसले की तपासणी सुचवावी, भूतकाळाची चौकशी न करता.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी स्पष्टपणे ‘नाही’ असे दिले, पण धोका लपवला नाही. निदानाच्या वेळी सीडी४ ३५० पेक्षा कमी असेल तर निदान उशिरा झाले असे मानतात आणि २०० च्या खाली आजार पुढच्या टप्प्यात गेलेला असतो. म्हणून क्षयरोग आणि मेंदूला होणाऱ्या क्रिप्टोकॉकस बुरशीच्या संसर्गाची तपासणी आधी आवश्यक होती. उपचारांचे सुरुवातीचे काही महिने जपण्याचे असतात, कारण प्रतिकारशक्ती परतताना दबलेला संसर्ग उफाळून येऊ शकतो. त्या काळात ताप किंवा डोकेदुखी वाढली तर औषध स्वतःहून बंद न करता लगेच डॉक्टरांना भेटावे, हे मी त्यांच्याकडून दोनदा वदवून घेतले. औषधे नियमित घेतल्यास साधारण सहा महिन्यांत रक्तातील विषाणू बहुतेकांमध्ये मोजता न येण्याइतका कमी होतो आणि तो तसाच राहिला तर लैंगिक संबंधातून दुसऱ्याला संसर्ग होत नाही. सीडी४ मात्र सावकाश वाढतात.

हे ऐकून ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, “पत्नीला कसे सांगू?”

पुढच्या आठवड्यात दोघे एकत्र आले. ताईंची तपासणी निगेटिव्ह आली, परंतु शेवटच्या संबंधाला तीनच आठवडे झाले होते आणि इतक्या लवकर संसर्ग तपासणीत दिसेलच असे नसते, म्हणून संबंधापासून ४५ दिवस पूर्ण झाल्यानंतरची दुसरी तारीख ठरवली. ती ताईंनी स्वतःच्या हाताने त्या फाइलच्या पहिल्या पानावर लिहिली.