मुलाचे उत्तर दुरुस्त करण्यापूर्वी

आपण बालवर्गाला नुकतेच शिकवू लागला आहात, म्हणून एक गोष्ट आग्रहाने सांगतो: मुलाचे उत्तर चुकले तर ते कोणत्या विचारातून आले, हे आधी पाहा. कुत्रा ओळखणारे मूल वासराला ‘भूभू’ म्हणते, तेव्हा ते नवे दृश्य जुन्या कल्पनेत बसवत असते. स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे (१८९६–१९८०) यांनी याला सात्मीकरण म्हटले. वासरू हंबरते, त्याला खूर आहेत, हे ध्यानात आल्यावर ती कल्पनाच बदलावी लागते, ते समायोजन. माझ्या मते खरे शिकणे या दोहोंमधल्या अस्वस्थ क्षणी घडते आणि नेमका तोच क्षण आपण घाईने हिरावून घेतो. पाच वर्षांच्या मुलासमोर एका पेल्यातले पाणी उंच, अरुंद पेल्यात ओता. ‘आता जास्त झाले’ असे ते बहुधा ठामपणे सांगेल. त्या वेळी समजावत बसू नका. पाणी त्यालाच परत पहिल्या पेल्यात ओतू द्या, पातळी पूर्वीच्याच जागी आलेली पाहून त्याच्या कपाळावर पडणारी आठी न्याहाळा आणि ‘असे कसे झाले असेल?’ एवढेच विचारून थांबा. त्या दिवशी उत्तर मिळाले नाही तरी चालेल. पेला बदलला तरी पाणी तेवढेच राहते, ही समज बहुतेक मुलांमध्ये सातव्या वर्षाच्या आसपास पक्की होते.