अमेरिकेतल्या रस्त्याकडेच्या ऐतिहासिक पाट्यांसाठी थांबावं का? त्यांवरचं सगळं खरं असतं का?

मुलाकडे मेरीलँडला येताय तर थांबाच. खरं-खोट्याचं मात्र एका पाटीवरून सांगतो, म्हणजे नीट कळेल.

चेसापीक उपसागराच्या पूर्वेला डॉर्चेस्टर काउंटी आहे. काउंटी म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारखी, पण ही अगदी विरळ वस्तीची. चॉपटँक नदीकाठचं केंब्रिज हे मुख्य गाव. ते मागे पडलं की शेतं, पाइनची झाडं आणि मैलोन् मैल पाणथळ. खेकडे आणि कालवं हा इथला जुना धंदा. बकटाउनजवळ ग्रीनब्रायर रोडवर शेताच्या कडेला मी पाटी पाहिली: हॅरिएट टबमन, १८२० ते १९१३. खाली तीन-चारच ओळी. तिने स्वतःची सुटका करून घेतली, आणखी सुमारे तीनशे गुलामांना उत्तरेकडे नेलं, यादवी युद्धात परिचारिका आणि हेर म्हणून काम केलं. शाळेत असताना मला एवढंच ठाऊक होतं की जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत गुलामांना मुक्त करणाऱ्यांना अर्पण केलं. त्या मुक्तीसाठी जिवावर उदार झालेली एक गुलाम बाई याच मातीत राबली होती, हे त्या पाटीपुढे उभं राहून कळलं.

पण पाटीवरचे दोन आकडे चुकलेले आहेत. तिच्या आईच्या बाळंतपणासाठी सुईणीला दोन डॉलर दिल्याची नोंद एका जमीनदाराच्या हिशेबवहीत सापडली, ती मार्च १८२२ची. शिवाय ऑक्टोबर १८४९मध्ये मालकिणीने पळालेल्या ‘मिंटी’ला आणि तिच्या दोन भावांना धरून देणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं होतं. मिंटी हे हॅरिएटचं लहानपणीचं नाव. त्या जाहिरातीत तिचं वय सुमारे २७ दिलंय, म्हणजे साल जुळतं. ही जाहिरात २००३ साली केंब्रिजजवळ टाकून दिलेल्या रद्दीत मिळाली! आणि तीनशेचा आकडा एकोणिसाव्या शतकातल्या चरित्रातून आला. अभ्यासकांनी कागदपत्रं ताडून पाहिली तेव्हा तेराएक फेऱ्या आणि सुमारे ७० माणसं असा हिशेब निघाला. तिचा जन्मही त्या शेतावर नाही, तिथून काही मैलांवर पीटर्स नेक भागात झाला, असं आता मानतात.

मला ७० हा आकडा जराही लहान वाटत नाही. एकदा सुटल्यावर ती तेरा वेळा परत आली, तेही बहुतेक हिवाळ्यात, कारण रात्री लांब असतात. पकडली गेली असती तर पुन्हा गुलामीत, नाहीतर थेट दक्षिणेत विकली गेली असती.

ती पाटी १९६०च्या दशकात, यादवी युद्धाच्या शताब्दीनिमित्त लावलेली आहे. त्या वेळी लोकांना जे माहीत होतं ते तिच्यावर आहे. म्हणून कुठलीही पाटी वाचताना तळाची बारीक अक्षरं आधी बघा: कुणी लावली, कधी लावली. आणि मग पाटीकडे पाठ करून समोरची जमीन बघा, हे मी मुद्दाम सांगतो. बकटाउनच्या चौकात लहानसं लाकडी दुकान आहे. तिथे एका मुकादमाने पळणाऱ्या गुलामावर दोन पौंडांचं वजन फेकलं, ते मधे उभ्या असलेल्या हॅरिएटच्या डोक्याला लागलं. आपल्या वाण्याच्या तराजूतलं किलोचं माप हातात घेऊन बघा, साधारण तेवढं. पुढे आयुष्यभर तिला बोलता बोलता एकाएकी झोप लागायची. पश्चिमेला स्ट्यूअर्ट्स कॅनॉल आहे, लाकूड वाहून न्यायला गुलामांकडून हातांनी खणून घेतलेला सात मैलांचा कालवा. १८१० ते १८३२, बावीस वर्षं लागली. पुलावरून बघितलं तर पाण्याची सरळ रेघ दिसते, बस.

तिचे वडील बेन रॉस यांच्या झोपडीची जागा २०२१ साली जाहीर झाली. शोधणारी मंडळी राज्याच्या महामार्ग खात्यातली पुरातत्त्वज्ञ होती. आधी त्यांना १८०८चं एक नाणं मिळालं, मग जवळच विटा आणि बशांचे तुकडे. घाई करणं भाग होतं, कारण ही जमीन पाण्याखाली चाललीय. लगतच्या ब्लॅकवॉटर अभयारण्यातली पाच हजार एकरांहून जास्त पाणथळ १९३०च्या दशकापासून नाहीशी झालीय. खारं पाणी मुळांशी आल्याने वाळून उभी राहिलेली पाइनची झाडं रस्त्यावरूनच दिसतात.

वॉशिंग्टनकडून गाडीने दोनेक तास लागतात. चर्च क्रीकच्या टबमन केंद्रापासून सुरुवात करा, नकाशा तिथेच मिळेल. जुनी शेतं खासगी आहेत, आत शिरू नका. डास फार, म्हणून उन्हाळा टाळलेला बरा. आणि निघण्याआधी भरतीची वेळ बघून घ्या. दक्षिणेकडच्या रस्त्यांवर मोठ्या भरतीला पाणी येतं.