मूल ‘गोएड’, ‘कम्ड’ म्हणत असेल तर क्रियापदांची रूपं पाठ करून घ्यावीत का?

तुमची मुलगी आठ वर्षांची आहे, आधी ‘वेन्ट’ बरोबर म्हणायची आणि आता ‘गोएड’, ‘कम्ड’ म्हणायला लागली आहे. म्हणून तीन रूपांचा तक्ता रोज पाठ करून घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय.

तक्ता सध्या बाजूला ठेवा. मी लहान मुलांना इंग्रजी शिकवते आणि ‘गोएड’ कानावर पडलं की मला बरं वाटतं. आधीचं ‘वेन्ट’ नुसतं ऐकीव होतं. आता भूतकाळाला ‘ईडी’ लागतो हे तिने हेरलंय आणि दिसेल त्या क्रियापदाला ती तो लावून बघतेय. जन्मापासून इंग्रजी बोलणारी मुलंही याच वाटेने जातात. मुलांच्या भाषेच्या अभ्यासक जीन बर्को यांनी १९५८ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात चार ते सात वर्षांच्या मुलांना एका माणसाचं चित्र दाखवून ‘रिक’ हे बनावट क्रियापद दिलं होतं. मग विचारलं: त्याने कालही तेच केलं, तर काल त्याने काय केलं? बहुतेक मुलं ‘रिक्ट’ म्हणाली, आणि हा शब्द तर कुणीच कधी ऐकलेला नव्हता. मराठीतही लहान मूल ‘मी करलं’ म्हणतंच. आपण तेव्हा ‘अरे वा, तू केलंस?’ म्हणतो आणि बोलणं पुढे चालू ठेवतो. ‘आय गोएड’वरही तेवढंच करा: ‘ओ, यू वेन्ट? व्हेअर?’

नियमित क्रियापदांत खरी अडचण उच्चाराची असते. मुलं अक्षरं बघून ‘वॉक-एड’, ‘प्ले-एड’ वाचतात. ‘ईडी’चे आवाज तीन: ‘वॉक्ट’मधला ट, ‘प्लेड’मधला ड आणि ‘वॉन्टिड’मधला इड. मुलांना बोटं गळ्यावर ठेवायला सांगते. मूळ क्रियापदाचा शेवटचा आवाज काढताना गळा थरथरला तर ड, नाही थरथरला तर ट. शेवटी मुळातच ट किंवा ड असेल तर मात्र इड. मुलांना हे फार आवडतं.

अनियमित क्रियापदं मी पूर्वी एबीसीच्या क्रमाने द्यायचे. ती चूकच होती, कारण त्या क्रमात सारखे आवाज एकमेकांपासून लांब पडतात. आता कुटुंबं करते. पहिलं कुटुंब न बदलणाऱ्यांचं: पुट, कट, हिट, शट. मग सिंग–सँग, रिंग–रँग, ड्रिंक–ड्रँक. मग कीप–केप्ट, स्लीप–स्लेप्ट. मग ग्रो–ग्रू, थ्रो–थ्रू, नो–न्यू. एका वेळी एकच कुटुंब, आणि ते अंगात मुरेपर्यंत दुसरं नाही. ‘ब्रिंग’ मात्र ‘सिंग’च्या घरात घुसतो आणि मुलं ‘ब्रँग’ म्हणतात. त्याला थॉट, बॉट यांच्याबरोबर ‘ब्रॉट’ म्हणून बसवा.

बी, हॅव, डू, से, गो, गेट, मेक ही सर्वांत जास्त लागणारी क्रियापदं नेमकी अनियमित आहेत. रोज जिभेवर असल्यामुळेच त्यांची जुनी रूपं टिकली. कमी वापरातली पुष्कळ क्रियापदं हळूहळू ‘ईडी’कडे वळली. ‘वेन्ट’ तर मुळात ‘वेन्ड’ या वेगळ्याच क्रियापदाचा भूतकाळ, ‘गो’ने तो उचलला. ही गोष्ट मुलांना सांगा, मग ते रूप विचित्र वाटत नाही. या मोजक्यांसाठी रोज रात्री दिवसभरातल्या तीन गोष्टी इंग्रजीत सांगायला लावा. आय वेन्ट, आय सॉ, आय मेड आपोआप येत राहतात. तिसरं रूप (गॉन, सीन) या वयात बाजूला राहू द्या.

एक चूक मात्र लगेच धरा: ‘डिड यू वेन्ट?’ वाक्यात ‘डिड’ आला की भूतकाळ त्याने घेतला, मग क्रियापद मूळ रूपात राहतं. मी दोन मुलांना शेजारी उभं करते, एक ‘डिड’ आणि एक ‘गो’. भूतकाळाची टोपी एकच. प्रश्न विचारताना ती ‘डिड’च्या डोक्यावर असते. उत्तर देताना ‘डिड’ खाली बसतो, टोपी ‘गो’कडे जाते आणि तो ओरडतो, ‘वेन्ट!’ घरी दोन बाहुल्यांवरही हे जमतं.