ड्रिल फसली तर बरंच की!

या वेळी पत्रं भरपूर आलीत, त्यातली पाच घेतोय. सगळ्यांचा विषय एकच, आपत्ती व्यवस्थापनाचं ट्रेनिंग. मी आधी अग्निशमन दलात आणि नंतर ट्रेनर म्हणून मिळून पंचवीसेक वर्षं यात काढलीत, त्यामुळे कुठे उत्तर तिखट लागलं तर चालवून घ्या.

प्रश्न : सर, मी शिरोळ तालुक्यातली आहे, भूगोल घेऊन बीए झालंय. २०१९ च्या पुरात आमचं घर पाण्यात होतं, आम्ही आठ दिवस शाळेत राहिलो. तेव्हापासून याच लाइनमध्ये यायचं डोक्यात आहे. कोणता कोर्स करू आणि नोकरी मिळते का?

ताई, शाळेत काढलेले ते आठ दिवस कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत, तेव्हा तुमची सुरुवात झालेलीच आहे. रीतसर मास्टर्स करायचं असेल तर मुंबईत टिसमध्ये, म्हणजे टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसमध्ये, आपत्ती व्यवस्थापनाचं शिक्षण आहे. पुण्यात यशदामध्ये, म्हणजे राज्य सरकारच्या प्रशिक्षण संस्थेत, यासाठी वेगळं केंद्र आहे पण तिथला भर सरकारी अधिकारी-कर्मचाऱ्यांवर. दिल्लीची राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन संस्था, तिला सगळे एनआयडीएमच म्हणतात, ती ऑनलाइन ट्रेनिंगही घेते, ते आधी करून बघा, दोन लेक्चरांत झोप यायला लागली तर पुढचे पैसे वाचले. आणि टेबलापेक्षा मैदानावरचं काम आवडत असेल तर नागपूर, अग्निशमनचं राष्ट्रीय कॉलेज तिथंच आणि एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, अकादमी पण तिथंच.

नोकरीचं खरं सांगतो. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकारी हे पद ऐकायला भारी आहे पण बऱ्याच ठिकाणी ते कंत्राटी आहे, हे माहीत असू द्या. बाकी मोठ्या महापालिका, केमिकल कंपन्या, हॉस्पिटलं, सामाजिक संस्था इथं माणसं लागतात. माझं ऐकाल तर मास्टर्सच्या आधी आपदा मित्र या सरकारी स्वयंसेवक योजनेचं १२ दिवसांचं ट्रेनिंग करा, दोर, बोट, प्रथमोपचार सगळं हाताखालून जातं. आणि रोज पळायला लागा, हे चेष्टेनं नाही सांगत. २०२३ च्या जुलैत रायगडमधल्या इर्शाळवाडीला दरड आली तेव्हा वर गाडीरस्ताच नव्हता, सगळी मदत रात्री पावसात चिखलातनं पायी चढली आणि त्या चढावर मदतीला निघालेला अग्निशमन दलाचा एक अधिकारी हार्ट अटॅकनं गेला. हो, आणि सीमेवरच्या आहात, कन्नड येत असेल तर बायोडाटात अगदी वर लिहा, कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या बाजूला रात्री फोन लावायचा असतो तेव्हा ऑफिसात बोलायला कुणी सापडत नाही.

प्रश्न : आमच्या ऑफिसात दर वर्षी मे महिन्यात मॉक ड्रिल होते. तारीख पंधरा दिवस आधी कळते. अकराला सायरन, सव्वाअकराला जखमी स्ट्रेचरवर, साडेअकराला फोटो आणि मग वडापाव. जखमी दर वर्षी आमचा शिपाईच असतो, त्याला आता कण्हायचं पण पाठ झालंय. याचा काही उपयोग असतो का हो? (नगरपालिका कर्मचारी, नाव छापू नका)

वडापावचा असतो, खरंच. पोलीस, आरोग्य, पाणीपुरवठा, महावितरण ही माणसं एका जागी उभी राहून खातात तेवढ्यातच एकमेकांचे मोबाइल नंबर घेतात. बाकी तुम्ही जे लिहिलंय ते गॅदरिंग झालं.

ड्रिल घ्यायची ती कुठं फाटलंय ते दिसावं म्हणून. सगळं घड्याळाप्रमाणे पार पडलं तर काय दिसणार, कप्पाळ? मी एकदा एका जिल्ह्यात, नाव नको, ड्रिल चालू असताना कुणाला न सांगता कंट्रोल रूमची लाइट घालवली. जनरेटर होता, नवा कोरा, वरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं. डिझेल नव्हतं. डिझेलचे पैसे कुठल्या हेडखाली टाकायचे यावर पाऊण तास चर्चा झाली. सॅटेलाइट फोन कपाटात, कपाटाची किल्ली ज्याच्याकडे तो रजेवर. मोठे साहेब माझ्यावर असे भडकले की मला वाटलं पुढचं बिल काही निघत नाही. त्याच पावसाळ्यात तिथं खरंच दोन दिवस लाइट नव्हती, तेव्हा डिझेल होतं. किल्ली मात्र परत हरवली होती, कुलूप तोडलं.

पैसे नसतील, सायरनची हौस नसेल तर टेबलटॉप करा, म्हणजे टेबलाभोवती बसून केलेली ड्रिल. दहाबारा माणसं, एक नकाशा, आणि एकजण चिठ्ठ्या देणारा, बास. समजा कोल्हापूरचं घेतलं. पहिली चिठ्ठी, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३७ फूट, इशारा पातळी ३९, धोक्याची ४३, काय करताय? सगळे झोकात सांगतात, सतर्कतेचा इशारा देणार. दुसरी चिठ्ठी, रात्रीचे दोन वाजलेत, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडलेत, तर तो इशारा नक्की कोण देणार, कुणाच्या फोनवरून, आणि पलीकडे उचलणार कोण? इथं खोलीत पंख्याचा आवाज ऐकू यायला लागतो. तिसरी, चिखलीतलं एक म्हातारं जोडपं म्हशी सोडून यायला तयार नाही. चौथी, ज्या ट्रॅक्टरवर तुमची भिस्त तोच पाण्यात अडकलाय. पाचवी, चॅनलवाला दारात आणि मंत्र्यांचा दौरा अर्ध्या तासावर.

म्हशीच्या चिठ्ठीवर माझ्या वर्गात सगळ्यात जास्त भांडणं होतात. शहरातून आलेले साहेब म्हणतात उचला जबरदस्तीनं. मागच्या बाकावरचा तलाठी हळूच म्हणतो, साहेब जनावरं आधी हलवा, माणसं आपोआप मागनं येतात. तलाठीच बरोबर असतो. मग खरी चर्चा सुरू होते, छावणी कुठं, चारा कुणाचा, तिकडे जायचा रस्ता किती फुटांना बंद होतो म्हणजे जनावरं कुठल्या पातळीला हलवायला हवीत. ही पातळी कुणीतरी आधी लिहून ठेवलेली असते का? तर नसते, तोंडी असते, आणि ज्याच्या तोंडी असते त्याची बदली होते.

ट्रेनिंगमध्ये तुम्ही आयआरएस, म्हणजे इन्सिडेंट रिस्पॉन्स सिस्टम, हा शब्द ऐकला असेल, बरेच जण तक्ता पाठ करून परीक्षेपुरतं लिहितात. मूळ कल्पना अमेरिकेतली, १९७० साली कॅलिफोर्नियात मोठे वणवे लागले तेव्हा वेगवेगळ्या खात्यांची पथकं, प्रत्येकाचा साहेब वेगळा, रेडिओ वेगळा, आणि आग सगळ्यांची एकच. त्यातनं ही पद्धत निघाली आणि २०१० मध्ये आपल्या राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणानं भारतासाठी गाइडलाइन काढल्या. एक कमांडर, त्याच्या हाताखाली ऑपरेशन्स, प्लॅनिंग आणि लॉजिस्टिक्स. एका माणसानं तीन ते सात जणच सांभाळायचे, पाच असले तर उत्तम. आपल्याकडे एकाच साहेबांना एका वेळी चाळीस जण फोन करत असतात आणि चाळिसांनाही वाटतं आपला फोन सगळ्यात महत्त्वाचा. लॉजिस्टिक्स तर वर्गात कुणालाच नको असतं, कारण त्यात जेवण, डिझेल आणि संडास येतात, सगळ्यांना बोटीवर उभं राहायचं असतं. दोन दिवसांनी बोटवाल्यांना जेवण मिळत नाही तेव्हा कळतं.

तुम्ही साहेब नाही, ड्रिल बदलणं तुमच्या हातात नसेल हे समजू शकतो. पण दोन गोष्टी करू शकता. आराखड्यातली फोनची यादी घ्या आणि रविवारी सकाळी सहाला बसून एकेक नंबर फिरवा, पहिल्या वेळी निम्मे लागले तर नशीब समजा, उरलेल्यांत एक रिटायर झालेला आणि एक देवाघरी गेलेला निघतोच. दुसरं, त्या शिपायाला स्ट्रेचरवरून उठवा आणि कंट्रोल रूमच्या खुर्चीत बसवा. खरोखर रात्री दोनला काही झालं तर ऑफिसात तोच असणार आहे. फोन आल्यावर काय विचारायचं, काय लिहून घ्यायचं, कुणाला उठवायचं, हे त्याला येतंय का ते बघा.

प्रश्न : मी कोकणात ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे. ट्रायाजचं ट्रेनिंग झालं, लाल पिवळा हिरवा काळा सगळं कळलं, पण काळा टॅग लावायला माझा हातच धजत नाही. डमीवर पण नाही. मी या कामाला लायक नाही का?

सिस्टर, ज्याचा हात पटकन धजतो त्याची मला जास्त काळजी वाटते. आधी तुमच्यासारख्या नसलेल्या वाचकांसाठी थोडक्यात. ट्रायाज म्हणजे कुणाला आधी बघायचं ते ठरवून जखमींना रंगाचे टॅग लावणं, लाल म्हणजे लगेच, पिवळा थोडा थांबू शकतो, हिरवा शेवटी, काळा म्हणजे आशा नाही. अपघातात चाळीस जखमी आणि नर्स दोन, अशा वेळी प्रत्येकाला अर्धा ते एक मिनिट द्यायचा. चालू शकतो तो हिरवा. श्वास मिनिटाला तीसच्या वर, किंवा नखावर दाबल्यावर रंग परत यायला दोन सेकंदांहून जास्त लागतात, किंवा सांगितलेलं कळत नाही, तर लाल. हे सगळं ठीक पण चालता येत नाही तो पिवळा. आणि श्वासाचा मार्ग मोकळा करूनही श्वास नाही, तर काळा, आणि पुढे जायचं.

हे 'पुढे जायचं' जड जातं, कारण एरवी वॉर्डात आपण त्याच माणसासाठी धावलो असतो. म्हणून हे एकदाच्या लेक्चरनं येत नाही. तुमच्या इनचार्जना सांगा की डमी नकोत, कॉलेजची पोरं जखमी म्हणून आणा आणि त्यांना ओरडायला सांगा. मग कळतं की जो सगळ्यात मोठ्यानं ओरडतोय तो बहुतेक हिरवा असतो आणि कोपऱ्यात गप्प पडलेली बाई लाल. टॅग लावणाऱ्यानं उपचारात अडकायचं नाही हेही तेव्हाच अंगवळणी पडतं. आणि टॅग म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे, परत फेरी मारायची, हात मोकळे झाले की परत बघायचं. ड्रिल संपली की तसंच घरी जाऊ नका, चहा घेत सगळ्या जणी बसा आणि कुठला टॅग लावताना काय वाटलं ते बोला. आमच्या वेळी हे कुणी करायचं नाही, आम्ही आपले गप्प राहायचो.

प्रश्न : आमचं गाव कृष्णाकाठी, पोरं पट्टीची पोहणारी. त्यांना कसलं ट्रेनिंग द्यायचं, तेच सगळ्यांना शिकवतील. (सरपंच, सांगली जिल्हा)

सरपंच, ८ ऑगस्ट २०१९ ला ब्रह्मनाळला काय झालं ते तुम्हाला मी सांगायला नको. पुरातून लोकांना बाहेर काढताना क्षमतेपेक्षा जास्त माणसं बोटीत बसली, बोट उलटली आणि डझनाहून जास्त जीव गेले. त्यात पोहता येणं न येणं हा मुद्दा किती उरला?

बुडणारा माणूस वाचवायला आलेल्याच्या डोक्यावर चढतो, अगदी सख्खा भाऊ असला तरी. आणि पुराचं पाणी ही तुमची रोजची नदी नसते, खाली द्राक्षबागेच्या तारा असतात, ओंडके येतात, कुठं वीज उतरलेली असते. म्हणून क्रम ठरलेला आहे, आधी काठी पुढे करा, नाही पोचली तर दोर फेका, मग बोट, आणि अगदीच इलाज नसेल तर पाण्यात उतरा, पण कमरेला दोर बांधून उतरू नका, मागे दोर धरायला माणसं असली तरी नाही, कारण जोराच्या धारेत तोच दोर तुम्हाला पाण्याखाली दाबतो, हे पोरांना कुणीतरी हातानं दाखवावं लागतं. बोटीचं तर सोपं आहे, जॅकेट नाही तर जागा नाही. पण समोर शेजारची काकू पोराला घेऊन रडत असताना तिला पुढच्या फेरीला थांबा म्हणायचं, ते पट्टीच्या पोहणाऱ्यालाही येत नाही. तेवढ्यासाठी तरी पाठवा. तहसीलला जाऊन आपदा मित्रच्या पुढच्या बॅचचं विचारा आणि दोन मुली पण पाठवा, त्या असल्या की बायका बोटीत बसायला तयार होतात.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या फायर ड्रिलला लोक लिफ्टनं खाली येतात. काय करावं? (सेक्रेटरी, ठाणे)

लिफ्ट बंद करा, दुसरं काय. त्याआधी जिन्यातल्या सायकली, चपलांची कपाटं आणि कुंड्या काढा. रेफ्युज एरियाचं, म्हणजे आगीच्या वेळी थांबायला ठेवलेल्या मोकळ्या जागेचं, कुलूप काढा. आणि तिथं जे टेबल टेनिसचं टेबल ठेवलंय ना, ते पण.