दिसायला सारख्या समुद्री माशांची गुणसूत्रं वेगळी निघाली, तर प्रजाती वेगळ्या धरायच्या का?

निदान संशय तरी घ्यायचाच. "माशांत 48च असतात, मोजून काय मिळणार" हे मला तोंडावर ऐकवलं गेलंय, म्हणून लिहायला बसले.

2003 साली एम.एस्सी.च्या प्रकल्पाला मी बोय (इंग्रजीत मलेट) हा मासा घेतला. बाजारातली चालत नाही, पेशींचं विभाजन चालू हवं, म्हणजे मासा जिवंतच हवा. रत्नागिरीच्या भाट्ये खाडीत पाग (फेकायचं जाळं) टाकणाऱ्या एका काकांना पहाटे गाठायचं. बोय बादलीत राहते थोडीच, उसळी मारून बाहेर! वर ओलं गोणपाट बांधून, आत बॅटरीचा पंप सोडून ती प्रयोगशाळेत न्यायची. पेशींचं विभाजन मध्येच थांबवणारं कोल्चिसिन टोचायचं, थांबायचं, मूत्रपिंडाच्या पेशी पोटॅशियम क्लोराइडच्या पातळ द्रावणात फुगवायच्या, मिथेनॉल आणि ॲसिटिक ॲसिडात स्थिर करायच्या, मग उंचावरून स्लाइडवर थेंब सोडायचा. अडीच महिने नुसता चिखल दिसला. एका संध्याकाळी गुणसूत्रं सुटी सुटी पसरलेली सापडली. 48, सगळी एकभुज, म्हणजे एकच भुजा दिसणाऱ्या काड्यांसारखी. मला रडू आलं. सरांनी डोळा लावला आणि म्हणाले, "हे पुस्तकात होतंच की." विषय बदलावा लागला.

पुस्तकात होतं, खरंय. आपल्या मोठ्या बोयीची, मुगिल सेफॅलसची, 48च. पण तिची भावकी बघा. अमेरिका खंडांच्या अटलांटिक किनाऱ्यावर मुगिल क्युरेमा नावाने ओळखले जाणारे मासे: ब्राझीलमध्ये 28, व्हेनेझुएलात 24. वरून फरक कळणं मुश्कील. गुणसूत्रं आणि डीएनए दोन्ही ताडून दाखवलं गेलं की एका नावाखाली अनेक प्रजाती आहेत. 2015 मध्ये 24 वाल्यांना मुगिल मार्गारिटी हे स्वतंत्र नाव मिळालं. कुणीतरी मोजत बसलं म्हणून मिळालं!

यात हरवलेलं काही नसतं. दोन काड्या टोकाला जुळून एक दुभुज (दोन भुजांचं) गुणसूत्र होतं, त्यामुळे 28 असोत की 24, भुजा 48च भरतात. संकर झालाच, तर जोड्या लावताना एका दुभुजासमोर दोन काड्या येतात, वाटणी चुकू शकते आणि पुढची पिढी अडते.

आधी गुणसूत्रं जुळली की आधी प्रजाती फुटली, हे बोयीच्या आकड्यांवरून ठरत नाही. त्यासाठी जपानच्या स्टिकलबॅक या छोट्या काटेरी माशाबद्दल वाचा. जपान समुद्रातल्या नरांचं वाय (नर ठरवणारं) गुणसूत्र दुसऱ्या एका गुणसूत्राला जुळलंय, पॅसिफिकवाल्यांचं नाही. नरांच्या प्रणयाराधनातला फरक जुळण्यातून बनलेल्या त्या नव्या लिंग-गुणसूत्रांशीच बांधलेला आहे, हे 2009 मध्ये दिसलं. तिथे जुळण्याचा हात आहे, असं मी ठामपणे म्हणेन.

मात्र नुसत्या आकड्यावर नवी प्रजाती जाहीर करू नका. माणसातही हजारात साधारण एकाची दोन गुणसूत्रं अशी जुळलेली असतात आणि तो धडधाकट असतो. उलट आकडा सारखा म्हणून प्रजाती एक, असंही नाही: 2012 मध्ये डीएनएवरून जगभरच्या मुगिल सेफॅलसचे 14 गट निघाले. तेव्हा प्रत्येक माशाचा पराचा तुकडा अल्कोहोलमध्ये ठेवाच. मी ठेवला नव्हता. स्लाइड्स अजून कपाटात आहेत, पण भाट्याची ती बोय कुठल्या गटातली, हे त्यांच्यावरून सांगता येत नाही.