कोर्स राहू दे, आधी अचोली शीक

सलाम. श्रीरामपूरची मुलगी, बीएस्सी नर्सिंग, दोन वर्षांसाठी उत्तर युगांडात गुलूजवळच्या मिशन दवाखान्यात निघाली आहेस. हातात आठ महिने आहेत. कोणता बायबल कोर्स करू आणि साक्ष, म्हणजे आपल्या विश्वासाची कहाणी, इंग्रजीत पाठ करू का, असं विचारलंयस. मी त्याच भागात सहा वर्षं नर्स होते. कोर्स राहू दे. भाषा शीक.

गुलूकडे अचोली बोलतात. कंपालाची लुगांडा तिथे कामाची नाही, दोन्हींची कुळंच वेगळी. इंग्रजी डॉक्टरांना येते, खाटेवरच्या आजीला येत नाही. पोट कुठे दुखतंय हे दुभाष्यामार्फत विचारलं की आजी दुभाष्यालाच उत्तर देते, तुझ्याकडे बघतसुद्धा नाही. माझं पहिलं वर्ष असंच गेलं. 'कोप आंगो?' म्हणजे काय खबर, त्यावर 'कोप पे', म्हणजे काही नाही, ठीक आहे. तापानं फणफणलेली बाईसुद्धा आधी 'कोप पे'च म्हणते, आपल्याकडे 'बरं आहे' म्हणतात तसं. मी ते खरं मानून पुढच्या खाटेकडे जायचे!

इथे शिकवणारं कुणी मिळणं कठीण. तिथल्या एखाद्या नर्सला गाठ, आठवड्यातून दोनदा फोनवर बोल. मार्काचं शुभवर्तमान अचोलीत नि मराठीत शेजारीशेजारी ठेवून वाच. भाषेला वेळ लागतोच: मिशनरी फादर स्टीफन्स 1579 मध्ये गोव्याला आले, त्यांचं मराठी ओवीबद्ध ख्रिस्तपुराण छापून झालं 1616 मध्ये. मिशनरी विल्यम कॅरींचा मराठी नवा करार 1811 चा, तोही वैजनाथ पंडितांच्या मदतीनं. तरी 'मिशनरी मराठी'ला आपण अजून हसतो. तुझ्या अचोलीलाही हसतील. हसू दे.

साक्षीबद्दल. तू सुवार्ता न पोचलेल्या मुलखात चालली आहेस असं तुझ्या मंडळीत कुणी म्हणालं असेल, तर ते खरं नाही. युगांडात दहातले आठ लोक ख्रिस्ती आहेत. पाइमोलला 1918 मध्ये दाऊदी ओकेलो आणि जिल्डो इर्वा ही दोन अचोली पोरं धर्मशिक्षणाचं काम करताना मारली गेली, दोघंही तुझ्यापेक्षा लहान. गुलूजवळच्याच लाचोर रुग्णालयात 2000 साली इबोला आला, तेव्हा तो ओळखून साथीशी झुंजणारे डॉ. मॅथ्यू लुक्विया तिथलेच अचोली होते. त्या डिसेंबरात ते इबोलानंच गेले, त्यांच्या कितीतरी नर्सही गेल्या. त्या लोकांसमोर आपली पाठ केलेली साक्ष म्हणायला मला तरी लाज वाटली. आधी त्यांची ऐक.

आणखी एक, जे गोऱ्या मिशनऱ्यांच्या पुस्तकात तुला सापडणार नाही. तू तिथे 'मुहिंदी' असशील, म्हणजे भारतीय, आणि त्यांच्या लेखी भारतीय म्हणजे दुकानदार. बाजारात मला पहिला प्रश्न आला, तुझं दुकान कुठलं? इदी अमीननं 1972 मध्ये आशियाई लोकांना 90 दिवसांत देशाबाहेर घालवलं, पुढे बरेच परतले, आणि आज मोठमोठे धंदे त्यांच्याकडे आहेत. भारतीय मालक नोकरांशी कसं वागतात याच्या गोष्टी तुला ऐकवतील. आपल्या लोकांची बाजू घ्यायला धावू नकोस. तुझ्या खोलीवर झाडलोट करणाऱ्या बाईशी तू कशी बोलतेस, हे सगळा दवाखाना बघत असतो.

कागदांचं भरभर सांगते. पर्यटक व्हिसावर काम करायचं नाही, कुणी काहीही सांगो. परमिट बोलावणाऱ्या संस्थेनं काढायचं. तिथल्या नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागेल, त्यासाठी महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं गुड स्टँडिंग, म्हणजे नोंदणी चांगली असल्याचा दाखला, आत्ताच माग. पीतज्वराची लस निघण्याआधी किमान 10 दिवस घे. त्या लशीचं पिवळं कार्ड तिकडे उतरताना लागतं आणि मुंबईत परत येतानाही. मच्छरदाणी रोज, आळस नको. परत आल्यावर महिन्यांनी ताप आला तरी डॉक्टरला युगांडा सांग.

पैशांचं मात्र पाळकांसमोर बसून लिहून घे. परतीचं तिकीट आणि एका तातडीच्या फेरीचे पैसे आधी बाजूला हवेत. मला पाठवणाऱ्यांनी 'प्रभू पुरवील' म्हणून ते ठेवलेच नव्हते. वडील आजारी पडले तेव्हा सोबतच्या नर्सनी वर्गणी काढून मला घरी पाठवलं. त्यांचा पगार माझ्यापेक्षा कमी होता.

शेंगदाण्याची चटणी बॅगेत कोंबू नकोस. तिथे तीळ-शेंगदाण्याची ओडी मिळते, भाकरीवर मस्त लागते. तिखट मात्र घरचं ने.