तुमचे प्रश्न : संत्र्यांचा मोसम

प्रश्न : नोव्हेंबरात आणलेल्या संत्र्यांवर हिरवे डाग होते. पिकावीत म्हणून आठ दिवस तांदळाच्या डब्यात ठेवली, तरी आंबटच निघाली. आणखी किती दिवस ठेवायला हवी होती? (ठाणे)

उत्तर : कितीही ठेवली तरी पिकली नसती. आंबा, केळं उतरवल्यावर गोड होतात, कारण त्यांच्यातल्या पिठाची साखर होते. संत्र्यात तसा साठाच नसतो. झाडावरून उतरताना जी गोडी असेल तीच. नंतर आंबटपणा थोडा उतरतो इतकंच, आणि तांदळात साल मात्र सुकते.

तुम्हाला मिळाला तो आंबिया बहाराचा माल. जानेवारी-फेब्रुवारीत फुलून साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात उतरतो. साल केशरी व्हायला थंड रात्री लागतात. त्या लांबल्या तर आत रस भरलेलं फळही बाहेरून हिरवट राहतं. उलट इथिलीन वायू देऊन हिरवं फळ काही दिवसांत केशरी करता येतं. त्यात रंग बदलतो, चव नाही. म्हणजे रंगावर भिस्त दोन्हीकडून चुकीची.

वजन पाहा. सारख्या आकाराची दोन फळं दोन हातांत घ्या, जड लागेल ते उचला. नागपुरी संत्र्याची साल सैल असणारच, पण दाबल्यावर साल आणि फोडींमध्ये पोकळी लागली तर फळ जून झालेलं असतं, फोडी चिपाडासारख्या निघतात. देठाची टिकली जागेवर घट्ट हवी. विक्रेता फोड देत असेल तर भिडेखातर नाही म्हणू नका. गोडच हवी असतील तर मृग बहारासाठी थांबा. ती फळं फेब्रुवारी-मार्चमध्ये येतात.

प्रश्न : जानेवारीत ‘नागपुरी’ म्हणून घेतलेल्या संत्र्यांची साल निघता निघेना आणि बियाच बिया. फसवणूक झाली का? (पुणे)

उत्तर : बहुधा किन्नू. पंजाब, राजस्थानकडचं हे संकरित फळ डिसेंबर ते फेब्रुवारीत भरपूर येतं, म्हणजे नेमकं आपले दोन बहार बदलतात तेव्हा. साल चकचकीत, गडद आणि फळाला चिकटलेली. फळ वरून-खालून चपटं. वाईट मुळीच नाही, रसाला तर उत्तम. फक्त नागपुरीचा भाव देऊ नका.

प्रश्न : अमरावतीहून नातेवाईक पेटी पाठवतात. पाच-सहा दिवसांत निम्मी संत्री बुरशीने जातात. (मुंबई)

उत्तर : पेटी आली त्याच दिवशी रिकामी करा. संत्री वर्तमानपत्रावर एकेरी पसरा आणि निवडा. साल फाटलेली, खरचटलेली, देठ ओढून तोडल्यामुळे वर भोक पडलेली वेगळी काढा. ती दोन दिवसांत संपवा. बुरशी अशा जखमेतूनच आत शिरते, धड सालीतून सहसा नाही. आधी पांढरा मऊ डाग, मग हिरवी किंवा निळसर पूड. अशा फळाला झटकू नका, पूड सगळीकडे उडते. अलगद पिशवीत घालून टाकून द्या. नासका भाग कापून उरलेलं खाण्याचा मोह टाळा. फळ मऊ असतं, बुरशीचे तंतू डागाच्या बरेच पुढे गेलेले असतात. शेजारची फळं पुसून आधी वापरा.

धुऊन ठेवू नका, खाण्याआधी धुवा. ओलसर साल म्हणजे बुरशीला आमंत्रण. हवेशीर टोपलीत थंडीच्या दिवसांत आठवडाभर टिकतात, मार्चच्या उन्हाळ्यात तीन-चार दिवस. फ्रिजमध्ये भाजीच्या कप्प्यात, कापडी किंवा भोकं पाडलेल्या पिशवीत, दोन ते तीन आठवडे. बंद प्लास्टिकमध्ये घाम धरतो. फ्रिजच्या मागच्या भिंतीला टेकवू नका, फार गारठ्याने सालीवर तपकिरी खड्डे पडतात.

प्रश्न : सकाळी काढलेला रस दुपारी कडू होतो. (नाशिक)

उत्तर : बिया आणि पाकळ्यांच्या पापुद्र्यातला एक घटक मुळात कडू नसतो; रसाच्या आंबटपणात मिसळला की काही तासांत कडू होतो. मिक्सर बिया फोडतो, पापुद्रे दळतो, म्हणून तो रस जास्त बिघडतो. हाताच्या यंत्रावर हलकेच पिळा, लगेच गाळा, चोथा चेपू नका आणि पंधरा-वीस मिनिटांत प्या. साखर घालून कडवटपणा जात नाही.

प्रश्न : संत्रा बासुंदी दर वेळी फुटते. (सोलापूर)

उत्तर : गरम दुधात आंबट पडलं की फुटणारच. दोन लिटर म्हशीचं दूध आटवून निम्मं करा, शंभर ग्रॅम साखर घालून एक उकळी द्या. गॅस बंद केल्यावर अर्धा चमचा किसलेली साल घाला, फक्त केशरी भाग. पांढरा आला तर कडसर लागेल. वास खरा सालीतूनच येतो. बासुंदी फ्रिजमध्ये पूर्ण गार करा. चार गोड संत्र्यांच्या फोडी सोलून, बिया काढून, चाळणीत वीस मिनिटं निथळू द्या. त्याही गारच हव्यात. पानं वाढताना वाटीत आधी फोडी, वरून बासुंदी. मिसळून ठेवायची नाही. निथळलेला रस पिऊन टाका, बासुंदीत नको.

प्रश्न : फोडींवरच्या पांढऱ्या शिरा काढाव्यात का? (वर्धा)

उत्तर : खायला हरकत नाही, त्यात चोथा असतो. पाहुण्यांसाठी काढा. लहान मुलांना देताना फोडीची आतली, बारीक कड कात्रीने कापा; त्या फटीतून बिया बाहेर दाबता येतात.